जुनी डॅनिश निसर्गचित्रं बघताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "ह्यात काही घडतच नाहीये" म्हणून पुढे स्क्रोल करणं. डॅनिश चित्रकार कोबकेचं १८३८ चं सॉर्टेडाम तलावाचं चित्र घ्या, कोपनहेगनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लाकडी धक्का, त्यावर पाठमोऱ्या दोन बायका, पाण्यात एक होडी, वर डेन्मार्कचा झेंडा, बस. पण जरा थांबा, त्या बायका होडीकडे बघतायत, आता निरोप देतायत की वाट बघतायत ते चित्र सांगत नाही आणि चेहरेही दिसत नाहीत, मग आपणच त्यांच्या मागे उभं राहून बघायला लागतो. आणि तो झेंडा शोभेचा नाही हं! १८३४ पासून तिकडे खासगी लोकांना झेंडा लावायला बंदी होती, ती उठली थेट १८५४ ला.

चित्र पिवळट, मळकट दिसतंय? आधी फोनचा नाइट मोड बंद करा, संध्याकाळच्या आभाळातला फिका गुलाबी त्यात पार मरतो. आणि साइज बघाच. कोबकेचं हे चित्र जेमतेम ७१ सेंमी रुंद, आणि त्याच काळातला चित्रकार लुंडबी, त्याचं १८४३ चं 'एक डॅनिश किनारा' अडीच मीटरच्या वर, फोनवर दोन्ही सेमच दिसतात. म्युझियमच्या साइटवर मोठ्या फाइल्स फुकट मिळतात, त्या लॅपटॉपवर उघडून झूम करा.

जागेवर बसून जसं दिसलं तसं रंगवलं, असंही समजू नका. चित्रकार एकर्सबर्ग १८१८ ला कोपनहेगनच्या कला अकादमीत प्रोफेसर झाला, तो विद्यार्थ्यांना बाहेर नेऊन स्टडी, म्हणजे सरावाची छोटी चित्रं, करायला लावायचा, पण मोठं चित्र स्टुडिओतच पुरं व्हायचं, काय ठेवायचं काय गाळायचं हे ठरवून.

डोंगर-धबधबे तर शोधूच नका, देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागाच १७१ मीटर आहे!

पण मला सगळ्यात खटकते ती चूक म्हणजे चित्र शांत, म्हणजे काळही सुखाचा असणार असं धरून चालणं. १८०७ ला ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, १८१३ ला सरकारचं दिवाळं निघालं, १८१४ ला नॉर्वे हातचा गेला. एवढं सगळं गमावल्यावर पुढच्या पिढीचे हे चित्रकार आपली साधी शेतं, किनारे, बीच नावाच्या झाडांची जंगलं इतक्या मायेने रंगवत होते. लुंडबी तर १८४८ च्या युद्धात स्वतःहून सैन्यात गेला आणि चुकून सुटलेल्या गोळीने गेला, वय फक्त २९. त्याचा तो किनारा आता परत उघडून बघा.