मुलांना उत्खननाचा गेम देताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं मी गोव्यात फोंड्याजवळ सुट्टीच्या दिवसांत मुलांचा इतिहासाचा वर्ग घेते, तोही कॉम्प्युटर गेमवर. काही गेम तयार घेतलेले, काही मुलांनी आणि मी मिळून स्क्रॅचमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या सोप्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात, बनवलेले. मे महिना आला की एखादे शिक्षक किंवा एखादी हौशी आई फोन करते, "आम्ही उत्खननाचा गेम केलाय, जरा बघाल का?" मी आवडीने बघते. पण बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांतच तीच चूक समोर येते, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

वस्तू उचलली की पॉइंट

ही सगळ्यात मोठी चूक. कुदळ मारा, मडकं काढा, शंभर पॉइंट. नाणं काढा, पाचशे. याला पुरातत्त्व म्हणत नाहीत. पुरातत्त्व नेमकं ज्याच्या विरुद्ध उभं आहे, तेच आपण मुलांना शिकवतो. वस्तू कुठे, किती खोलीवर, कशाच्या शेजारी पडली होती, ही खरी माहिती. ती एकदा गेली की मडक्याचं फक्त खापर उरतं.

आमच्या पहिल्या गेममध्येही हेच होतं, आणि त्याचं फळ मला चांदरला मिळालं. तीन आठवडे गेम खेळून झाल्यावर सहावी-सातवीची चौदा मुलं घेऊन मी तिथे गेले. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर. आधी भोज घराण्याची आणि मग कदंब घराण्याची राजधानी. 1929 साली इतिहासकार फादर हेरास यांनी तिथे खोदकाम केलं. देवळाच्या अवशेषांपाशी शीर नसलेला दगडी नंदी आहे. मी मुलांना नंदीभोवती बसवून कदंबांची गोष्ट सांगत होते, तेवढ्यात एक मुलगा धावत आला. डब्याचं झाकण दोन्ही हातांनी धरलेलं, त्यात खापराचे पाच तुकडे.

"टीचर, पाच! पाचशे पॉइंट!"

मी कोंकणीत विचारलं, "हें तुका खंय मेळ्ळें?" म्हणजे, हे तुला कुठे मिळालं?

"थंय!" म्हणजे तिथे, असं म्हणून त्याने हात फिरवला, त्यात रस्ता, शेताचा बांध आणि पलीकडचं घर, सगळंच आलं.

अर्धा तास आम्ही दोघं परत त्या वाटेने फिरलो. दोन तुकडे बांधाजवळचे असावेत, असं तो म्हणाला. एक कदाचित रस्त्याकडेच्या भरावातला, म्हणजे माती दुसरीकडूनच आणून टाकलेली. उरलेल्या दोघांचं त्याला काहीच आठवेना. एका तुकड्याला काठ होता, त्यावरून भांड्याचं तोंड केवढं असेल याचा अंदाज बांधता आला. दुसऱ्याला बाहेरून काजळी धरलेली, म्हणजे ते चुलीवर चढलेलं भांडं. बस, एवढंच. पण ती चूल कदंबांच्या काळातली की आजीच्या काळातली, हे सांगू शकणारी एकमेव गोष्ट म्हणजे ती जागा, आणि ती आम्ही हरवून बसलो होतो. तुकडे तिथल्या राखणदाराच्या हवाली केले. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण मी पॉइंट दिले नाहीत. त्याची काहीच चूक नव्हती. तीन आठवडे मीच त्याला हे शिकवलं होतं.

त्या रात्री मी गेमची गुणपद्धत मोडून टाकली. आता वस्तू उचलण्याला शून्य गुण. खोदायची जागा चौकोनांत आखलेली असते, त्या चौकोनाचा नंबर लिहिला, दहा. थर लिहिला, दहा. खोली मोजली, दहा. जागेवरच चित्र काढलं, आणखी दहा. नोंद न करता उचललेली वस्तू एका पेटीत जाते. पेटीचं नाव ‘बिनपत्त्याच्या वस्तू’. त्या वस्तू शेवटपर्यंत दिसत राहतात, पण कोडं सोडवायला वापरता येत नाहीत. मुलांना ती पेटी बिलकुल आवडत नाही. गेम कंटाळवाणा होईल, असं मला खूप जणांनी सांगितलं. होत नाही. मुलांना नियम स्पष्ट असले की वही भरण्यातही चुरस वाटते. होवर्ड कार्टरने 1922 मध्ये इजिप्तचा राजा तुतनखामुन याचं थडगं शोधलं, आणि आतल्या 5,000हून जास्त वस्तूंना नंबर देत, फोटो काढत बाहेर आणायला त्याला सुमारे 10 वर्षं लागली. मुलांना सोन्याचा मुखवटा माहीत असतो, ही 10 वर्षं कुणी सांगत नाही.

सगळी माती एकाच रंगाची

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी रंग, त्यात वस्तू पेरलेल्या. मग मुलांनी थर कशावरून ओळखायचे? खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, या एका नियमावर सगळं शास्त्र उभं आहे.

गेमचं काम सुरू करण्याआधी मी नेहमी प्लास्टिकचा पारदर्शक डबा भरते. तळाला नदीची वाळू, वर चिऱ्याचा लाल भुगा, वर राख, वर शेणाने सारवल्यासारखा पातळ थर, वर बागेतली माती. प्रत्येक थरात एकेक वस्तू. मुलं चमच्याने खणतात, वहीत रेघा मारतात. हे हाताने केल्याशिवाय कुणालाही मी कॉम्प्युटरला हात लावू देत नाही, शिक्षकांनासुद्धा नाही. "वेळ नाही हो, सरळ गेमच देऊ या" म्हणणारे पुढे दुप्पट वेळ घालवतात, हे मी खूपदा पाहिलंय.

या डब्यात मी एक जादा गोष्ट करते. एका बाजूने वरपासून खालपर्यंत काठी खुपसून भोक पाडते, ते सैल मातीने बुजवते आणि तळाशी सोड्याच्या बाटलीचं झाकण टाकते. हे घुशीचं बीळ. झाकण सगळ्यात खालच्या थरात सापडलं की मुलं ओरडतात, "सगळ्यात जुनं!" मग कुणीतरी कडेची माती वेगळी आहे, सैल आहे, हे बोटाने दाबून बघतं. वर्ग एकदम शांत होतो. हा क्षण गेममध्ये आणायचाच. आमच्या गेममध्ये आता बीळ आहे, झाडाचं मूळ आहे आणि पाया खणताना खालची माती वर आलेली जागाही आहे.

आणखी एक. चौकोनांच्या मध्ये न खोदलेल्या मातीची भिंत ठेवा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने 1940च्या दशकात भारतात हीच पद्धत रुजवली. त्या भिंतीच्या कडेला थर उभे दिसतात. जागा वाचवायला म्हणून ती भिंत काढून टाकणारे गेम मी बघितलेत. ती काढली तर मग वाचायचं काय?

वस्तूवर क्लिक केलं की साल दिसतं

दगडी हत्यारावर क्लिक, "इ.स.पू. 6000". मूल विचारत नाही की हे कुणी, कसं ठरवलं. काळ ठरवण्याची कार्बन 14 ची पद्धत एके काळी जिवंत असलेल्या पदार्थालाच लागू पडते: कोळसा, हाड, बी, लाकूड. त्यातला कार्बन 14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, आणि साधारण 50,000 वर्षांच्या मागे ही पद्धत जात नाही. दगडाला ती लावता येत नाही. दगडाशेजारच्या कोळशाला लावायची, आणि म्हणूनच शेजार महत्त्वाचा.

आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सांगे तालुक्यात उसगाळीमळ इथे कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेल्या आकृत्या आहेत: बैल, हरणं, मोर, माणसं, आणि वर्तुळात वर्तुळ असलेला तो चक्रव्यूह. 1993 पासून अभ्यासक त्यांच्याविषयी लिहीत आहेत, पण काळाबद्दल त्यांचं एकमत नाही. कुणी त्या मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागे नेतात, कुणी बऱ्याच नंतरच्या मानतात. एका तयार गेममध्ये मी या आकृत्यांखाली ठोक एक आकडा लिहिलेला पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. आमच्या गेममध्ये तिथे तीन बटणं आहेत: ‘लवकरचं’, ‘नंतरचं’, ‘अजून पुरावा हवा’. तिसऱ्यालाही पूर्ण गुण आहेत, मात्र कारण लिहिलं तरच.

लहानसहान, पण रोजच्या चुका

उत्खननात डायनासोर. डायनासोर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले, तेव्हा माणूस नव्हता. डायनासोरची हाडं खणणारा वेगळा, माणसाचा मागोवा घेणारा वेगळा.

गोव्यातल्या उघड्या लाल मातीत अखंड सांगाडा. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, वर पाऊस एवढा. हाडं सहसा टिकत नाहीत. खापर टिकतं.

पिरॅमिड चाबकाने राबवलेल्या गुलामांनी बांधले, असं दाखवणं. गिझाला मजुरांची वस्ती आणि त्यांच्या कबरी सापडल्यात. ते पगारी, खाऊनपिऊन सुखी असलेले कामगार होते.

फक्त इजिप्त आणि रोम. 2018 मध्ये आलेली असॅसिन्स क्रीड या गेमची डिस्कव्हरी टूर मलाही आवडते, त्यात मारामारी नाही, नुसतं फिरायचं. पण तिला दणकट मशीन लागतं, आणि ते मिळालं तरी मुलाला तांबडी सुर्लाचं कदंबकालीन देऊळ दाखवायचं राहतंच.

मराठी अक्षरं मोडणं. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोवर मराठी टाकलं की ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, दोन दिवस घालवू नका. गोडो 4 या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळते. नाहीतर मजकूर चित्र करून टाका, मी बरेचदा तेच करते.

नेटवर अवलंबून राहणं. जूनमध्ये वर्ग घ्यायचा तर पाऊस, लाईट आणि नेट यांचा भरवसा धरू नका. स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती आधीच टाकून ठेवा, पेन ड्राइव्हवर दोन प्रती.

एका मशीनवर एक मूल. मी दोघांना बसवते. एकाकडे माउस, दुसऱ्याकडे वही आणि पेन्सिल. दर दहा मिनिटांनी अदलाबदल. वहीवाला "थांब" म्हणाला की माउसवाल्याने थांबायचं, हा आमच्या वर्गातला सगळ्यात कडक नियम.

आणि पहिल्याच प्रयत्नात थ्रीडी. कृपा करून नको. सपाट पडदा, सोळा चौकोन, पाच थर, एवढ्यावर दोन महिने सहज जातात.

सध्या आम्ही जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यावर गेम करतोय. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझला ठार मारलं, आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्रींनी इथे आणले असं जुने पोर्तुगीज कागद सांगत होते. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे वर्षानुवर्षं खोदलं, हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला आणि 2021 मध्ये अवशेष जॉर्जियाला सोपवले. कागद, दगड, हाड, डीएनए असे चार पुरावे, आणि एकाला दुसऱ्याशी जोडल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. डब्याचं झाकण घेऊन आलेला तो मुलगा आता नववीत आहे, नोंदवहीचं पान तोच आखतोय. काल त्याने ‘खोली’चा रकाना दुप्पट रुंद केला, कारण मुलं सेंटिमीटर लिहायला विसरतात.