कोल्हापूरच्या पाण्यासाठी एकच रॉड, एकच रील: निवड कशी करावी

रॉड-रीलविषयी इंटरनेटवर जे व्हिडिओ दिसतात, त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या बास माशासाठी केलेले असतात. ‘सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट अ‍ॅक्शन आणि वर बेटकास्टर’ (काठीच्या वर बसणारा, अंगठ्याने आवरायचा रील) हे त्यांचे तोंडपाठ उत्तर. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला मासा. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालायची, ही त्याची रीत. १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात १० किलोचा एक बास लागला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले, तीही जपानच्या बिवा सरोवरात. म्हणजे हा काही अजस्र मासा नव्हे. त्याच्यासाठी लागणारे सामान आपल्यालाही पेलण्यासारखे असते.

पंचगंगेत बास नाही आणि नाही तेच बरे. बाहेरून आणलेला हा मासा स्थानिक मासे फस्त करू लागला, म्हणून जपानने २००५ पासून तो पाळण्यावर आणि पाण्यात सोडण्यावर बंदी घातली आहे. पण सवयीने त्याच्या जवळचा मासा आपल्याकडे आहे: मरळ. तोही केंदाळाखाली दबा धरतो, तोही बेडकावर तुटून पडतो. त्यामुळे बासवाल्यांचा सल्ला मरळीपुरता चालतो. रोहू, मृगळ, चिलापी यांच्याकडे वळलात की तो फसतो. हे मासे आमिष चाचपत, ओठांनी ओढत खातात. तिथे फार ताठ काठी घेतली, तर झटका देताना गळ ओठ फाडून सुटतो. दोन्हीकडे चालेल अशी मधली काठी निवडणे, एवढेच आपले काम.

१. आधी पाणी ठरवा

दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारा, वर्षभरात मी जास्तीत जास्त कुठे उभा राहणार आहे? नदीचा घाट, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची खालची बाजू, की गावतळे किंवा शेततळे? बंधाऱ्यावर बरगे घातलेले असतात तेव्हा वरच्या अंगाला पाणी संथ आणि खोल असते, खालच्या अंगाला खडक आणि धार. खडकात दोरी घासते, संथ पाण्यात लांब फेकावे लागते. आपल्याकडे बहुतेक जण काठावरूनच गळ टाकतात, होडीतून क्वचितच. काठावर बाभळ, घाणेरी आणि ऊस. म्हणून ६ फूट ६ इंच ते ७ फूट ही लांबी सोयीची. नऊ फुटी रॉड धरणाच्या उघड्या काठावर झकास चालतो, पण उसाच्या बांधावर तो मागे न्यायलाच जागा नसते.

इथेच एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. कार्बन फायबरमधून वीज वाहते, आणि आपल्या नदीकाठी शेतीपंपांच्या तारा जागोजागी लोंबलेल्या असतात. फेकण्याआधी वर बघा. तारेखालून जाताना रॉड आडवा धरा.

परवानगीचेही आधी बघा. धरणे आणि तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा संस्थेला विचारूनच बसा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्याचा विचारही करू नका.

२. रॉडवरचे आकडे वाचा

मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेली ओळ हीच रॉडची खरी माहिती. रंग आणि स्टिकर नंतर बघा. त्या ओळीत चार गोष्टी असतात: लांबी, ताकद, लूअरचे (म्हणजे नकली आमिषाचे) वजन आणि दोरीची क्षमता.

ताकद म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. लाइट, मीडियम, मीडियम-हेवी अशी चढती भाजणी असते. एकच काठी घ्यायची तर मीडियम. लूअरचे वजन ७ ते २१ ग्रॅमच्या आसपास आणि दोरीची ताकद ८ ते १५ पौंड लिहिलेली असेल, तर डोळे झाकून पुढे जा. मरळीसाठीचा पोकळ रबरी बेडूक साधारण १० ते १५ ग्रॅमचा असतो, म्हणजे बरोबर मधे बसतो. कणकेच्या गोळ्याबरोबर लावायचे १०-१५ ग्रॅमचे शिसेही त्यातच येते.

अ‍ॅक्शन म्हणजे काठी कुठून वाकते. फास्ट असेल तर फक्त वरचा तिसरा भाग वाकतो, मॉडरेट असेल तर जवळजवळ अर्धी काठी. मला विचाराल तर मॉडरेट-फास्ट घ्या. मरळीच्या हाडकुळ्या जबड्यात गळ रुतवायला ती पुरते आणि रोहूने मुसंडी मारली तर वाकून धक्का खाते. निव्वळ फास्ट काठीवर रोहू लागला की सगळा भार दोरीवर आणि ओठावर येतो.

दोन तुकड्यांची काठी मोटारसायकलवर नेता येते, म्हणून आपल्यासाठी तीच. घडीची, म्हणजे टेलिस्कोपिक काठी दिसायला सोयीची, पण स्वस्तातल्या घडीच्या काठ्या सांध्याशी दगा देतात आणि एकसारख्या वाकत नाहीत. पिशवीत कायम पडून राहणारी दुसरी काठी म्हणून ठीक.

३. रील: स्पिनिंगच

बेटकास्टर वाईट नाही. जाड दोरी, जड लूअर आणि नेमका टप्पा यासाठी बासवाले तो वापरतात. पण अंगठ्याचा ताबा बसेपर्यंत स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, दोरीपेक्षा जोरात फिरतो आणि गुंत्याचे घरटे तयार होते. शिवाय पाच ग्रॅमचे हलके शिसे त्याने नीट जात नाही. स्पिनिंग रील काठीच्या खाली लटकतो, हलके-जड दोन्ही फेकतो आणि शिकायला एक संध्याकाळ पुरते.

रीलवर लिहिलेला आकाराचा आकडा २५०० किंवा ३००० असावा. यात १० पौंडी तंगूस शंभर मीटरच्या वर मावते, आपल्याला तेवढी भरपूर. गियर रेशो ५.२:१ च्या आसपास असू दे, म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोरी गुंडाळणारा रोटर पाचाहून थोडा जास्त फिरतो. त्याहून वेगवान रील बेडूक पटपट ओढायला बरा, पण मोठा मासा आणताना हाताला जड जातो. बेअरिंगच्या संख्येला भुलू नका. खोक्यावर ‘१२+१’ असे लिहिलेला खडखडता रील आणि चार चांगल्या बेअरिंगचा गुळगुळीत रील, यांत दुसराच घ्यायचा.

बजेट कमी असेल तर काठीवर थोडे वाचवा, रीलवर नको. साधी काठी बरीच वर्षे चालते. ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की दोरी थोडी थोडी सोडणारा रीलमधला ब्रेक. हलक्या प्रतीचा ड्रॅग पहिल्याच मोठ्या माशाला अडकतो आणि दोरी तुटते.

४. दुसरा स्पूल मागून घ्या

माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. ज्या रीलबरोबर जादा स्पूल येतो किंवा वेगळा मिळतो, तोच रील घ्या. एकावर १० पौंडी तंगूस भरा: रोहू, मृगळ, चिलापी, तळाला गांडूळ लावून वाम. तंगूस ताणते, आणि तो ताण इथे उपयोगी पडतो. दुसऱ्यावर २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे गळाच्या बाजूला दीड-दोन फूट जाड तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर: ही मरळीची जोडणी. ब्रेड ताणत नाही, केंदाळ कापत येते. ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळली की घसरते, म्हणून खाली थोडी तंगूस गुंडाळून मग ती भरा. स्पूलची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी सोडा. काठोकाठ भरला तर वेटोळी एकदम सुटतात, कमी भरला तर फेक आखूड पडते.

५. दुकानात हात लावून बघा

काठी जोडून डोळ्यासमोर धरा, रिंगा एका रेषेत आहेत का पाहा. मग कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेतून फिरवा. कापूस अडकला तर आतल्या चकतीला तडा आहे, आणि तीच तुमची दोरी कापणार. रील काठीवर बसवा, नट घट्ट केल्यावर डुलता कामा नये. हँडल फिरवा, मागे-पुढे ढिले लागते का बघा. बेल, म्हणजे स्पूलपुढची तारेची कमान, उघडून बंद करा, टक्कन बसली पाहिजे. दोरी जिच्यावरून जाते ती छोटी चकती बोटाने फिरवा. ती अडकत असेल तर रील परत ठेवा. शेवटी रील लावलेली काठी एका बोटावर तोला. तोल मुठीच्या पुढच्या टोकाशी आला तर तीन तास फेकूनही मनगट भरून येत नाही. ऑनलाइन मागवलेत तर यातले काहीच आधी जमत नाही, म्हणून परत घेतील ना एवढे बघूनच मागवा.

६. घरी ड्रॅग लावा

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवायचा असतो. १० पौंड म्हणजे साडेचार किलो, चौथा हिस्सा एक किलोपेक्षा थोडा जास्त. पाण्याने भरलेली लिटरची बाटली साधारण एक किलोची. दोरीला ती बांधा, रील हातात धरून सरळ वर उचला. बाटली उचलली जावी, हलका हिसका दिला की दोरी सुटावी. ब्रेडसाठी दोन लिटरची बाटली घ्या.

पावसाळ्यात रॉड भिंतीला टेकवून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका. त्या पाण्यात काठावर उभे राहण्यात काही शहाणपण नाही, आणि रोहू-कटल्याचा विणीचा हंगामही तोच. तेवढ्यात रील ओल्या फडक्याने पुसून, हँडलच्या सांध्याला आणि दोरीच्या चकतीला तेलाचा एकेक थेंब द्या. ड्रॅगचा नॉब पूर्ण ढिला करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात.

दुसरा रॉड कधी घ्यायचा? निम्म्याहून जास्त वेळ एकाच माशामागे जाताय असे दिसले की. मरळीचा नाद लागला असेल तर मीडियम-हेवी आणि मग खुशाल बेटकास्टर. धरणावर रोहू-कटल्यासाठी बसत असाल तर आठ-नऊ फुटी मॉडरेट.