अल्बमवर मत द्यायचंय? आधी कोणता ऐकलात ते बघा

'भारी आहे' आणि 'काही खास नाही' एवढ्यावर गप्पा दोन मिनिटांत आटोपतात. तिसऱ्या मिनिटाला वाद लागतो, आणि पुष्कळदा असं निघतं की दोघांनी ऐकलेला अल्बम एक नाहीच. नाव तेच, मुखपृष्ठ तेच, ध्वनी मात्र वेगळा. तेव्हा पहिलं काम म्हणजे आपण कोणती आवृत्ती ऐकतोय ते बघणं.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं (१९५९) उदाहरण घ्या. ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप मशीन जरा हळू चाललं; तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो, म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ तबकडीवर किंचित चढ्या वाजतात. ही चूक सुधारली ती थेट १९९० च्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत. जुन्या प्रतीसोबत पियानो वाजवायला बसलं की पट्टी जुळत नाही ती यामुळे. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'मधलं (१९६७) 'शीज लीव्हिंग होम' मोनोत (दोन्ही स्पीकरमधून एकच ध्वनी) स्टिरिओपेक्षा (डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगवेगळा ध्वनी) साधारण अर्ध्या स्वराने वर आहे, शिवाय जलदही. एकाला ते रेंगाळलेलं वाटेल, दुसऱ्याला नाही, आणि दोघंही बरोबर असतील.

म्हणून मताच्या सुरुवातीलाच एक ओळ टाका: मूळ की रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाला नव्याने अंतिम ध्वनिरूप दिलेली आवृत्ती), मोनो की स्टिरिओ, कशावर ऐकला. स्ट्रीमिंगवर 'डिलक्स' आवृत्ती असेल तर मूळ अल्बम कुठे संपतो ते शोधा. शेवटच्या गाण्याला मागाहून चिकटवलेले सात डेमो (गाण्यांचे कच्चे खर्डे) ऐकून 'शेवट लांबलाय' म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

मग सेटिंग. शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय) बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणारी सोय) शून्यावर, इक्वलायझर (खर्ज-तार कमीजास्त करणारी सोय) बंद, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडू देणारी सोय) चालू. पिंक फ्लॉइड बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'सारख्या (१९७३) अल्बममध्ये गाणी एकमेकांत मिसळत जातात. तिथे क्रॉसफेड सांधे पुसट करतो आणि गॅपलेस नसेल तर मध्येच टाचणीएवढी शांतता टोचते. जुना अल्बम असेल तर मधे थांबाही. एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, त्यामुळे पहिल्या बाजूला स्वतःचा शेवट असायचा आणि दुसरीला नवी सुरुवात. सलग ऐकलं की मधलं एखादं गाणं उगीच समारोपाचं वाटतं. ते खरोखर पहिल्या बाजूचा समारोपच असतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो आवाजाचा मोठेपणा. दोन आवृत्त्यांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तर कानाला 'ही मोठी आहे' असं कळत नाही; 'ही जास्त स्पष्ट आहे, भरीव आहे' असं वाटतं. रीमास्टर पुष्कळदा मूळपेक्षा मोठ्या आवाजात केलेले असतात, म्हणून पहिल्या फेरीत तेच जिंकतात. तुलना करायची तर आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय चालू ठेवा, किंवा हाताने मोठी आवृत्ती कमी करा, गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा वाटेपर्यंत. आता ड्रमकडे लक्ष द्या. आवाजातले चढउतार जास्त दाबून मास्टर केलेल्या (अंतिम ध्वनिरूप दिलेल्या) आवृत्तीत स्नेअरचा (कडक वाजणाऱ्या ड्रमचा) घाव गायकाच्या मागे जाऊन बसतो, आणि वीस मिनिटांत कान शिणतात. उलट, फार हळू आवाजात ऐकलं तर खर्ज आधी हरवतो. तो दोष अल्बमचा नाही, आपल्या कानाची घडणच तशी आहे.

फोनच्या स्पीकरवरून बेसबद्दल मत देऊच नका. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. एवढ्याशा स्पीकरमधून तो मूळ स्वर येतच नाही, वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. साधे वायरवाले हेडफोनही चालतील.

तीन वेळा ऐका. पहिल्यांदा कागद-पेन न घेता. दुसऱ्यांदा वेळ टिपत: कोणत्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, काय झालं. तिसऱ्यांदा दोन-तीन दिवसांनी, आणि त्याआधी कोणती चाल आपोआप गुणगुणली गेली ते आठवा. त्या टिपणातूनच मत तयार होतं. 'ड्रम जबरदस्त आहेत' यातून ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही. 'दुसऱ्या कडव्यात ड्रमर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) सोडून राइडवर (मोठ्या, घुमणाऱ्या झांजेवर) जातो आणि गाणं एकदम मोकळं होतं' असं म्हटलं की समोरचा लगेच ते गाणं लावतो. पटलं नाही तरी वाद नेमक्या जागेवर येतो.

श्रेय देताना श्रेयनामावली उघडा. ड्रमचा ध्वनी आवडला तर त्यात ध्वनिमुद्रण आणि मिक्स (वेगवेगळ्या वाद्यांच्या आवाजांचा मेळ) करणाऱ्यांचा वाटा असतो; सगळंच कर्कश वाटलं तर संशय मास्टरिंगवर घ्या, गायकावर नको. गिटारचा सोलो बँडमधल्या वादकाचाच आहे की बाहेरून बोलावलेल्याचा, हेही तिथेच कळतं.

गुण द्यायचे असतील तर दहापैकी पाच म्हणजे काय ते आधी ठरवा, नाहीतर सगळेच अल्बम सात आणि आठमध्ये अडकतात. गाण्यागणिक गुणांची सरासरी काढू नका. चाळीस सेकंदांचा जोडतुकडा एकटा दोन गुणांचा वाटेल, पण तो काढला तर पुढचं गाणं पडतं.

एखाद्याला नवा कलाकार ऐकवायचा असेल तर दहा गाण्यांची यादी पाठवू नका, एकच पाठवा. त्यातलं काय आवडलं ते विचारा: चाल, शब्द, आवाज की ठेका. त्या उत्तरावरून अल्बम निवडा. निवडक गाण्यांचा संग्रह ओळखीला ठीक, पण त्यावरून कलाकाराबद्दल निकाल देऊ नये. त्यात वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या स्टुडिओंतली गाणी नव्याने मास्टर करून एका रांगेत बसवलेली असतात. समोरच्याला आवडलंच नाही, तर आधी विचारा: शफल चालू होतं का?