फँटसी बेसबॉल: स्टार खेळाडूची किंमत ठरवताना या चुका टाळा

फँटसी बेसबॉलमध्ये खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे. आरोन जजने २०२५ मध्ये ५३ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर मारणं) मारले आणि ०.३३१ची सरासरी राखली, हे ड्राफ्टला, म्हणजे खेळाडू वाटून घ्यायला, बसलेल्या बाराही जणांना ठाऊक असतं. तो मोठा खेळाडू आहे हे ओळखून कुणी लीग जिंकत नाही. फुकटात मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा तो तुमच्या लीगमध्ये, तुमच्या नियमांत किती जास्त देतो आणि त्या जास्तीसाठी किती मोजायचं, यावर सगळं ठरतं. बहुतेकांचं बजेट वाया जातं ते हा हिशेब न केल्यामुळे.

पुढची आकडेमोड नेहमीच्या रोटो लीगची आहे, म्हणजे प्रत्येक कॅटेगरीत संघांचा क्रम लावून गुण देणाऱ्या लीगची. बारा संघ, प्रत्येकी २३ खेळाडू (१४ फलंदाज, ९ पिचर म्हणजे गोलंदाज), ऑक्शनसाठी प्रत्येकाला कागदावरचे २६० डॉलर. फलंदाजीच्या पाच कॅटेगरी म्हणजे सरासरी (हिटचं, म्हणजे फटका मारून बेस गाठण्याचं, प्रमाण), होम रन, धावा, आरबीआय (फलंदाजाच्या खेळीमुळे आलेल्या धावा) आणि स्टील (फटक्याविना पळून पुढचा बेस गाठणं). पिचिंगच्या पाच म्हणजे विजय, सेव्ह (थोडी आघाडी टिकवून सामना संपवणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद करणं), ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर गेलेल्या धावा) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट).

दुसऱ्याच्या लीगची यादी डोळे झाकून वापरणं

इंटरनेटवरची रँकिंग कोणत्या नियमांसाठी केली आहे हे पाहिल्याशिवाय ती उघडूच नका. २०२३ चे दोन खेळाडू घ्या. लुईस अराएझने ५७४ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून फलंदाजीच्या खेपा) २०३ हिट मारले. सरासरी ०.३५४, पण होम रन फक्त १० आणि स्टील ३. त्याच वर्षी काइल श्वार्बरने ४७ होम रन मारले, १२६ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) घेतले आणि सरासरी राखली ०.१९७.

सरासरीचा परिणाम डोळ्यांनी जोखता येत नाही, तो संघाच्या एकूण ॲट-बॅटवर पसरून काढावा लागतो. चौदा फलंदाजांचे मिळून हंगामात सुमारे ७,००० ॲट-बॅट होतात. संघाची सरासरी ०.२५५ धरली, तर ५७४ ॲट-बॅटमध्ये साधारण १४६ हिट अपेक्षित असतात. अराएझने त्याहून ५७ जास्त दिले. ५७ भागिले ७,००० म्हणजे संघाच्या सरासरीत ०.००८ची भर. श्वार्बरने अपेक्षेपेक्षा ३४ हिट कमी दिले, म्हणजे जवळपास ०.००५ची घट. ही घट खरी आहे, पण ४७ होम रन, १०८ धावा आणि १०४ आरबीआयच्या बदल्यात अनेक संघांना ती परवडते. सरासरीऐवजी ऑन-बेस टक्केवारी (हिटबरोबर वॉकही धरून बेस गाठण्याचं प्रमाण) मोजणाऱ्या लीगमध्ये तर चित्रच पालटतं. श्वार्बरची ऑन-बेस टक्केवारी त्या वर्षी ०.३४३ होती, म्हणजे मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) सरासरीपेक्षा वर. सरासरीच्या लीगमध्ये तुम्हाला खाली ओढणारा खेळाडू इथे सगळ्याच बाजूंनी मदत करतो.

पॉइंट्स लीगमध्ये (प्रत्येक कामगिरीचे थेट गुण मोजणाऱ्या) स्ट्राइकआउटचा एक गुण वजा होत असेल, तर एली दे ला क्रूझच्या २०२४ च्या ६७ स्टीलबरोबर त्याचे २१८ स्ट्राइकआउटही हिशेबात धरा. नियमांचं पान आधी, यादी नंतर.

शून्यापासून मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ज्याला २५ होम रनचा अंदाज आहे, तो तुम्हाला २५ होम रन देत नाही. बाजारात उरलेला खेळाडू १५ मारणारच असेल, तर तुम्ही १० होम रन विकत घेता. बारा संघांत १६८ फलंदाज लागतात, म्हणून १६९ वा फलंदाज ही तुमची आधाररेषा. त्याच्या खालचं सगळं फुकट मिळतं.

मग वेगवेगळ्या कॅटेगरी एकाच मापात आणायच्या. त्यासाठी तुमच्याच लीगचे गेल्या दोन-तीन हंगामांचे अंतिम तक्ते काढा. समजा होम रनमध्ये पहिल्या संघाचे ३३० आणि शेवटच्याचे २२०. फरक ११०, मधल्या पायऱ्या ११, म्हणजे एक गुण वर चढायला १० होम रन लागतात. स्टीलमध्ये पहिला १९० आणि शेवटचा १०२ असेल, तर एका गुणाला ८ स्टील. आता शोहेई ओतानीचा २०२४ चा हंगाम या मापात घाला: ५४ होम रन, ५९ स्टील. आधाररेषा १५ होम रन आणि ८ स्टील धरली, तर होम रनमधून ३.९ गुण येतात आणि स्टीलमधून ६.४. चर्चा होम रनची झाली, पण तक्त्यात जास्त चढाई स्टीलने करून दिली.

इथे जुने तक्ते वापरू नका. २०२३ पासून मेजर लीगने बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पिच क्लॉक (चेंडू टाकायची वेळमर्यादा) आणलं आणि पिचरने रबरवरून (तो उभा राहतो ती पट्टी) पाय काढून धावपटूला अडकवण्याचे प्रयत्न दोनवर आणले. तिसऱ्यांदा प्रयत्न करून धावपटू बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस मिळतो. २०२२ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ स्टील झाले होते, २०२३ मध्ये ३,५०३. एका गुणाला लागणारे स्टीलही त्यामुळे वाढले. २०२२ च्या तक्त्यावरून किंमत काढाल तर २० स्टीलवाला खेळाडू दुर्मिळ वाटेल. तो आता तसा राहिलेला नाही.

गुण काढल्यावर डॉलर. बारा संघांचे मिळून ३,१२० डॉलर. २७६ खेळाडूंना किमान एकेक डॉलर द्यावाच लागतो, म्हणून वाटण्याजोगे उरतात २,८४४. साधारण ६५ ते ७० टक्के पैसा फलंदाजांवर जातो. तुमच्या लीगचं प्रमाण मागच्या ऑक्शनवरून काढा. त्या प्रमाणात, आधाररेषेच्या वरच्या गुणांच्या हिश्शानुसार पैसे वाटा. शेवटी २७६ खेळाडूंच्या किमतींची बेरीज करून पाहा. ती ३,१२० आली नाही तर पत्रक चुकलं आहे. बेरीज ३,६०० आली असेल, तर प्रत्येक स्टार स्वस्त वाटेल आणि पहिल्या अर्ध्या तासात खिसा रिकामा होईल. नेमकं कारण कळत नसेल, तर आधाररेषा फार खाली धरली आहे का ते आधी तपासा.

कीपर लीगमध्ये आणखी एक पायरी असते. समजा ९०० डॉलर किमतीचे खेळाडू मालकांनी ५०० डॉलरमध्ये राखून ठेवले. बाजारात पैसे उरले २,६२०, माल उरला २,२२० चा. म्हणजे प्रत्येक किंमत १.१८ ने गुणायची. ४५ डॉलरचा खेळाडू ५३ ला घेणं हा त्या दिवशीचा योग्य भाव असतो.

कॅचरची (फलंदाजामागे चेंडू झेलणारा, क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा) आधाररेषा वेगळी काढा. एकच कॅचर लागणाऱ्या लीगमध्ये तेरावा कॅचर फुकट असतो, दोन लागत असतील तर पंचविसावा, आणि तो आठवड्यातून तीन-चारच सामने खेळणारा असतो. कॅल रॅलीची किंमत या दोन लीगमध्ये कितीतरी डॉलरनी वेगळी निघते.

गेल्या वर्षीचा आकडा म्हणजेच पुढच्या वर्षीचा अंदाज मानणं

रॅलीने २०२५ मध्ये ६० होम रन मारले. कॅचरसाठी आधीचा विक्रम ४८चा होता. पण त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने ३४ आणि ३० मारले होते. बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ टॉम टँगोची मार्सेल नावाची साधी पद्धत शेवटच्या तीन हंगामांना ५, ४, ३ असं वजन देते. ६० गुणिले ५, ३४ गुणिले ४, ३० गुणिले ३, बेरीज ५२६, भागिले १२. उत्तर ४४. मूळ पद्धत दर प्लेट अपिअरन्समागे (फलंदाजीच्या प्रत्येक खेपेमागे) मोजते, त्यात लीगच्या सरासरीची भर घालून आकडा थोडा खाली ओढते आणि वयाचाही हिशेब करते. त्यानंतर रॅली चाळीस होम रनच्या आसपास येतो. चाळीस होम रनवाला कॅचर अजूनही सोनंच आहे, पण साठची किंमत देऊन घेण्यासारखा नाही.

हुआन सोतोचे स्टील हा याहून अवघड प्रश्न. २०२३ मध्ये १२, २०२४ मध्ये ७ आणि २०२५ मध्ये मेट्स संघाकडून ३८. त्याच वजनांनी उत्तर येतं २१. पायांच्या वेगात तो लीगच्या सरासरीच्याही मागे आहे. त्याचे स्टील पिचरच्या हालचाली वाचण्यातून आणि धावायचं ठरवण्यातून आले. ठरवणं बदलू शकतं, म्हणून आम्ही २० ते २५ च्या वर पैसे लावणार नाही. सरासरी, होम रन, धावा यांत तो इतका भरवशाचा आहे की तेवढ्यावरही पहिल्या फेरीत बसतो.

अंदाज स्वतः काढायचा नसेल तर स्टीमर, झिप्स यांसारखे दोन-तीन अंदाज घेऊन त्यांची सरासरी काढा. आवडत्या खेळाडूसाठी त्यातला सगळ्यात गोड अंदाज उचलणं ही वेगळी चूक, आणि ती फार जण करतात.

ईआरए आणि विजय पाहून पिचर घेणं

२०१८ मध्ये जेकब डीग्रॉमचा ईआरए १.७० होता आणि त्याला विजय मिळाले १०. २०२५ मध्ये पॉल स्कीन्सचा ईआरए १.९७, विजय पुन्हा १०. सुरुवातीच्या पिचरला विजयासाठी किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात, संघाने तोवर आघाडी घ्यावी लागते आणि मागून येणाऱ्यांनी ती टिकवावी लागते. यातली पहिलीच गोष्ट त्याच्या हातात असते. म्हणून विजयांचा अंदाज पिचरच्या मागच्या विजयांवरून न बांधता इनिंग आणि संघाची फलंदाजी यांवरून बांधा.

ईआरए तपासताना स्ट्राइकआउट आणि वॉकचं प्रमाण आधी पाहा. ब्लेक स्नेलने २०२३ मध्ये २.२५ ईआरएवर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला, पण १८० इनिंगमध्ये ९९ वॉक दिले. मेजर लीगमध्ये त्या वर्षी सर्वाधिक. इतके धावपटू बेसवर ठेवूनही धावा न जाणं वर्षानुवर्षं टिकत नाही. होम रन, वॉक आणि स्ट्राइकआउट एवढ्यांवरूनच काढलेला त्याचा एफआयपी ३.४४ होता. व्हिप १.१९ होता, ईआरएच्या मानाने साधाच. ईआरए आणि एफआयपी यांतली दरी हीच तुमची धोक्याची खूण. पुढच्या वर्षी त्याने ३.१२ ईआरएवर १०४ इनिंगच टाकल्या.

क्लोजरच्या (शेवटची इनिंग टाकून सेव्ह मिळवणाऱ्या पिचरच्या) छोट्या ईआरएनेही फसू नका. संघाच्या १,२५० इनिंग आणि ३.८० ईआरए धरा. एडविन दियाझचा २०२२ चा १.३१ ईआरए ६२ इनिंगवर पसरतो आणि संघाचा ईआरए ०.१२ ने खाली आणतो. तारिक स्कूबलचा २०२४ चा २.३९ ईआरए १९२ इनिंगवर पसरून ०.२२ ने. क्लोजरसाठी मोजाल ते मुख्यतः सेव्हसाठी, आणि सेव्ह भूमिकेबरोबर जातात. रायन हेल्सलीने २०२४ मध्ये कार्डिनल्सकडून ४९ सेव्ह केले. २०२५ च्या जुलैअखेर तो मेट्सकडे गेला, तिथे शेवटची इनिंग दियाझची होती. ट्रेड होण्याची शक्यता असलेल्या कमकुवत संघाच्या क्लोजरला पूर्ण हंगामाचे सेव्ह धरू नका.

ओतानीला एकच खेळाडू समजणं

काही साइट्स त्याला फलंदाज आणि पिचर असे दोन वेगळे खेळाडू म्हणून देतात, काही एकच. एकच असेल तर त्याच्या पिचिंगच्या दिवशी फलंदाजी मोजायची की पिचिंग, हे निवडावं लागतं का ते नियमांत वाचा. २०२५ मध्ये त्याने १४ सामन्यांत ४७ इनिंग टाकल्या, म्हणजे दर सामन्याला साडेतीनहूनही कमी. ईआरए २.८७, स्ट्राइकआउट ६२, विजय एक. पिचर म्हणून किंमत काढताना सामने मोजू नका, दर सामन्याच्या इनिंग मोजा. आणि फलंदाज म्हणून तो केवळ डीएच (क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा) असल्याने अनेक लीगमध्ये तुमची एकमेव युटिलिटी (कोणताही फलंदाज चालणारी) जागा वर्षभर अडवतो. नंतर दुसरा डीएच स्वस्तात मिळाला तरी त्याला बसवायला जागा नसते.

दुखापतीचा हिशेब टोकाला नेणं

जज २०२३ मध्ये १०६ सामने खेळला आणि ३७ होम रन मारून गेला. उरलेल्या ५६ सामन्यांना शून्य धरणं चूक. आयएलची (जखमी खेळाडूंसाठीची) जागा असेल तर तिथे बदली खेळाडू येतो आणि आणखी पाचेक होम रन देतो. म्हणजे त्या जागेतून ४२ मिळाले. आयएलची जागा नसलेल्या लीगमध्ये मात्र हा दिलासा नाही.

उलट बाजूने, परतलेला खेळाडू जुना असेलच असं नाही. रोनाल्ड अकुन्याने २०२३ मध्ये ७३ स्टील केले. मे २०२४ मध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघ्याला आधार देणारा अस्थिबंध) फाटलं, उजव्याचं २०२१ मध्येच फाटलं होतं. २०२५ मध्ये ९५ सामन्यांत २१ होम रन आले, स्टील आले ९. बॅटची ताकद परत येते, धावण्याची तयारी तेवढी येईल असं धरू नका. पिचरांत स्पेन्सर स्ट्रायडर पाहा: २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट, २०२४ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, २०२५ मध्ये ४.४५ ईआरए. कोपरावरून परतलेल्या पिचरच्या फास्टबॉलचा वेग स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये आधीच्या वर्षीच्या जवळ आला का, हे बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या साइटवर पाहा. आला नसेल तर नावाचे पैसे देऊ नका.

मैदान विसरणं

हंगामातले ८१ सामने घरच्या मैदानावर होतात. डेन्व्हरचं, म्हणजे रॉकीज संघाचं, मैदान सुमारे ५,२०० फुटांवर आहे. तिथे चेंडू लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल कमी वळतो. रॉकीज सोडून गेलेल्या फलंदाजाचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे करून बघा. पार्क फॅक्टर (मैदानाचा धावांवर होणारा परिणाम) जुने असतील तर तेही तपासा: ॲथलेटिक्स २०२५ पासून सॅक्रामेंटोला खेळतात, ओकलंडचे आकडे त्यांना लावू नका.

भारतातून खेळताना वेळ चुकवणं

किंमत अचूक काढलेला स्टार बेंचवर राहिला तर उपयोग नाही. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना पुण्यात पहाटे ४:३५ ला असतो, म्हणून रोजची टीम झोपण्यापूर्वी लावा. रविवारी घोळ होतो, कारण तिथले बरेच सामने दुपारी १:३५ ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री ११:०५ ला. साप्ताहिक लॉक (टीम आठवड्यातून एकदाच लावायचा नियम) असेल तर सोमवारच्या पहिल्या सामन्याची वेळ रविवारीच पाहून ठेवा. आणि अधिकृत बॅटिंग ऑर्डर सामन्याच्या काही तास आधीच जाहीर होते, त्यामुळे विश्रांती मिळण्याची शक्यता असलेल्या स्टारच्या मागे त्याच पोझिशनचा, पश्चिम किनाऱ्यावर खेळणारा बदली ठेवा. तिकडचे ७:१० चे सामने आपल्याकडे सकाळी ७:४० ला सुरू होतात, आणि तोवर तुम्ही उठलेले असता.