सेकंड-हँड एसयूव्हीतला चोर करंट कसा पकडावा

सेकंड-हँड एसयूव्ही घेतलेल्या माणसाला एक सल्ला फुकटात मिळतो: "बॅटरी बदलून टाक." सोसायटीतले काका देतात, वॉचमन देतो, बॅटरी विकणारा तर देतोच देतो. नवी बॅटरी बसते, काही दिवस गाडी मस्त चालते आणि मग एका सोमवारी सकाळी सेल्फ मारला की पुन्हा नुसतं टक-टक-टक. मग इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर खाली उतरतो. मग स्टार्टर. खिसा रिकामा होतो आणि बिघाड, कित्येकदा गाडी बंद असताना गुपचूप बॅटरी खाणारा चोर करंट, होता तिथेच बसलेला असतो. मल्टिमीटर लावून मोजल्याशिवाय या गाड्यांमध्ये एक पार्टही बदलू नये, या मतावरून मला कोणी हलवू शकलेलं नाही.

गाडी कुठल्याही कंपनीची असो, मालकांच्या तक्रारी त्याच त्या. दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी डाउन. पाऊस लागला की डॅशबोर्डवरचे सगळे वॉर्निंग लाइट एकदम पेटतात. सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा लागतो-उघडतो. एक काच खाली जाते ती वर येत नाही. स्टिअरिंगवरची बटणं बंद, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, आणि सोबत एअरबॅगचा लाइट. यातले निदान निम्मे बिघाड पार्टचे नसतातच. अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला आणि बॉडीला जोडणारी पट्टी, सैल झालेलं असतं, कुठे तरी पाणी शिरलेलं असतं, नाहीतर आधीच्या मालकाने हौसेने जोडलेल्या वायरी असतात. मुंबईत पहिल्या दोन गोष्टींना तोटा नाही.

बॅटरी आणि चार्जिंग

हे पाच मिनिटांचं काम. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो (स्मार्ट चार्जिंग), त्यामुळे हा आकडा वर-खाली होतो, तेव्हा हेडलाइट आणि ब्लोअर लावून बघा. बॅटरी उतरलेली असेल तर चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच पुढे जा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या, म्हणजे स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारची बॅटरी लागते. तिथे कोणी पैसे वाचवायला साधी बसवली असेल तर ती लवकर मरणारच, त्यासाठी वायरिंग उसकटू नका.

अर्थिंग

वर्सोवा, वरळी, कुलाबा अशा समुद्राच्या अंगाला उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर इथे काही ना काही सापडतंच. बरेच जण मीटर ओहमवर ठेवून अर्थिंगची पट्टी मोजतात आणि शून्य दिसलं की खूश होतात. ती चाचणी कुचकामी आहे. पट्टीतली एक तार शाबूत असली तरी ओहममीटर शून्यच दाखवतो, पण सेल्फचा शेकडो अँपिअर करंट त्या एका तारेतून जात नाही.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवरच. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या पुढे गेला तर पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब. हेच पुन्हा लाल प्रोब बॉडीवर ठेवून करा. बोल्ट काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. खालचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, घट्ट आवळा आणि पेट्रोलियम जेली सगळ्यात शेवटी, वरून लावा. आधी जेली चोपडून मग बोल्ट बसवणारेही पाहिलेत.

चोर करंट

आता खरी डोकेदुखी. गाडी बंद, चावी खिशात, तरी काहीतरी करंट खातंय. या पायरीने मला सगळ्यात जास्त छळलं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले फिरतात. "निगेटिव्ह वायर काढ, मध्ये टेस्ट लॅम्प लाव, पेटला की एकेक फ्यूज उपसत जा" ही पद्धत जुन्या जीपला ठीक होती. आजच्या एसयूव्हीत ती तुम्हाला हमखास फसवते, कारण या गाडीतले कॉम्प्युटर गाडी बंद केल्याबरोबर झोपत नाहीत. लॉक केल्यावर ते एकेक करून झोपतात आणि सगळे झोपायला अर्धा तास, काही गाड्यांत त्याहूनही जास्त वेळ लागतो. तोवर मीटरवर दोन-तीन अँपिअर दिसले तरी ते नॉर्मल असतं. वायर काढून पुन्हा जोडलीत की सगळे जागे, फ्यूज उपसून परत बसवलात की त्या लायनीवरचे पुन्हा जागे. तान्ह्या बाळाला झोपवण्यासारखाच प्रकार आहे, दार वाजलं की पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून तयारी आधी करा. बॉनेट उघडून तिथला लॅच (लॉकची खिट्टी) स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला वाटेल बॉनेट लागलंय. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचाही लॅच तसाच दाबा. फ्यूज बॉक्स डिकीत असेल तर डिकीचंही तेच. गाडी लॉक करा आणि चावी लांब नेऊन ठेवा. बटण-स्टार्ट गाडीची चावी खिशात ठेवून शेजारी उभे राहिलात तर ती गाडी जन्मात झोपणार नाही. एक ताकीद: काम झाल्यावर दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच पुन्हा मोकळा करा. बंद लॅचवर दार आपटलं की लॅचही जातो आणि दाराच्या चौकटीचा रंगही.

एकूण करंट मोजायला दोन रस्ते. सोपा म्हणजे क्लॅम्प मीटर, वायर न सोडता निगेटिव्ह केबलभोवती अडकवायचा. लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पण मागताना "डीसी करंट मोजणारा" असं ठासून सांगा; स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, ते घराच्या वायरिंगसाठी. घेतल्यावर शून्य करून मगच अडकवा. दुसरा रस्ता साध्या मल्टिमीटरचा. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह क्लॅम्प सैल करा पण काढू नका. एक प्रोब पोलला, दुसरा क्लॅम्पला चिमट्याने पक्का लावा आणि मग क्लॅम्प हळूच वर उचला. असं केलं तर सर्किट क्षणभरही तुटत नाही. मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही लावायची नाही. डिझेल गाडीचे ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) चालू झाले की मीटरचा फ्यूज उडालाच समजा.

आता थांबा. चहा प्या, पेपर वाचा, काहीही करा, पण गाडीला हात लावू नका. आकडा पायरीपायरीने खाली येताना दिसेल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर गाडी निरोगी आहे आणि तुमची अडचण दुसरी आहे, बहुधा आठवड्यातून एकदाच नाक्यापर्यंत जाऊन येण्याची. लोकलने ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्यांचं हेच होतं, बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. पण आकडा ५०० मिलिअँपिअरवर अडकला तर हिशोब करा: अर्धा अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे रोज १२ अँपिअर-अवर. ६० अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी का रुसते ते इथे कळतं.

करंट कुठून जातो हे शोधताना फ्यूज उपसू नका. मल्टिमीटर मध्ये लावला असेल तर क्लॅम्प पोलवर परत बसवून मगच तो काढा, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात घाला आणि मीटर मिलिव्होल्टवर घ्या. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर दोन प्रोब टेकवा. करंट जात नसेल तर ०.० दिसेल. जात असेल तर आकडा येईल, भले ०.३ असो. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण सव्वाशे मिलिअँपिअर. डॅशखालचा बॉक्स, बॉनेटखालचा बॉक्स, दोन्ही पूर्ण करा. मधेच सापडला म्हणून थांबू नका, चोर दोन असू शकतात. आकडा सापडला की त्या फ्यूजवर काय-काय चालतं ते झाकणावरच्या चित्रात किंवा मॅन्युअलमध्ये बघा.

आणि कुठल्याच फ्यूजवर काही नाही, तरी करंट जातोय? मग तो फ्यूज बॉक्समधून जातच नाहीये. बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवर कंपनीच्या वायरींशिवाय आणखी काय लटकलंय ते बघा: ॲम्प्लिफायर, फॉग लॅम्प, डॅशकॅम. तिथेही नसेल तर अल्टरनेटरवर संशय घ्या. त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला की गाडी बंद असतानाही तो उलटा करंट खातो. निगेटिव्ह सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, निगेटिव्ह पुन्हा जोडून मोजा. करंट गायब झाला तर चोर तोच.

सेकंड-हँड गाडीत माझा पहिला संशय जीपीएस ट्रॅकरवर असतो. आधीचा मालक, भाड्याने गाड्या देणारा किंवा कर्ज देणारा कोणीतरी स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढा डबा चिकटवून ठेवतो आणि गाडी विकताना विसरतो. आरसी बुकावर कर्जाची नोंद अजून असेल तर विचारल्याशिवाय काढू नका. दुसरा संशयित डिकीतला दिवा. आत फोनवर व्हिडिओ चालू करून ठेवा, डिकी लावा, पुन्हा उघडून बघा दिवा विझला का.

पाणी

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं मुंबईकराला सांगायला नकोत. तिथे बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा; पॉलिश करणारा तिथपर्यंत जात नाही, गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. स्टेपनीखालचा खड्डा आणि पुढच्या कार्पेटखालचा फोम दाबून बघा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर ती गाडी घेऊच नका. घेतली असेल तर एकेक कनेक्टर साफ करायची मनाची तयारी ठेवा, क्लीनरचा एक फवारा मारून तो हिरवा रोग जात नाही.

न बुडालेल्या गाडीतही पाणी शिरतं. सनरूफच्या नळ्या तुंबतात आणि पाणी पुढच्या खांबातून थेट डॅशखालच्या फ्यूज बॉक्सवर टपकतं. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराचा पाचोळा साचतो, त्याचंही तेच. जूनच्या आधी सनरूफच्या कोपऱ्यात कपभर पाणी ओतून बघा, चाकांजवळ खाली गळलं तर नळी मोकळी. नळीत जोरात हवा मारू नका, आतला जोड निसटला की पाणी केबिनमध्ये.

उरलेलं

काच किंवा लॉक अधूनमधून बंद: दार आणि बॉडीच्या मधला रबराचा पाइप मागे सारून एकेक वायर हलकी ओढा. वरून वायर धडधाकट दिसते, पण आतलं तांबं तुटलं असेल तर नुसतं कव्हर लांबत जातं. डिकीच्या दारातही हेच, मागचा वायपर आणि नंबर प्लेटचा दिवा तिथेच मरतो. हॉर्न, स्टिअरिंगची बटणं आणि एअरबॅगचा लाइट एकत्र: स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगला वायरिंग जोडून ठेवणारी गुंडाळलेली पट्टी. ही घरी उघडू नका आणि पिवळ्या कनेक्टरला मीटरही लावू नका, तो एअरबॅगचा आहे. हेडलाइट मंद: अर्थिंग. त्यावर १००/९० वॉटचे बल्ब हा इलाज नाही, मूळ वायरिंग ६०/५५ साठी असतं आणि होल्डर वितळतो. उंदीर: तंबाखूच्या पुड्या ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

इलेक्ट्रिशियनकडे जाल तेव्हा "बॅटरी डाउन होते" असं सांगू नका. "दादा, गाडी झोपल्यावर चारशे मिलिअँपिअर खातेय, डॅशखालच्या बॉक्समधल्या या फ्यूजवर" असं सांगा आणि फ्यूज दाखवा. वायर जोडायची तर सोल्डर आणि वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. काम झालं की त्याच्यासमोर गाडी पुन्हा झोपू द्या, त्याच फ्यूजवर मिलिव्होल्ट बघा आणि मग पैसे द्या.