दृढीकरणाच्या वर्गात ‘विश्वासाने तारण’ कसं शिकवावं

‘कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे’ हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं वचन मुलांना शब्बाथ शाळेपासून (रविवारच्या बायबल-वर्गापासून) पाठ असतं. पहिल्या दिवशी ते म्हणून घेऊ नका. मुलं ते पाढ्यासारखं म्हणतात आणि मोकळी होतात. सुरुवात अब्राहामापासून करा, फळा घ्या आणि खडू मुलांच्या हातात द्या.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीत (गावाला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आम्ही नगरच म्हणतो) पाळकसाहेबांनी दृढीकरणाचा वर्ग, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुलं स्वतःच्या तोंडाने मंडळीपुढे विश्वास कबूल करतात त्याआधीची शिकवणी, माझ्याकडे दिला. त्यामुळे माझी पद्धत थोडी हिशेबी आहे. पण ही पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचीही तशीच आहे, म्हणून मला चालते.

फळ्यावर एक आडवी रेघ ओढा. उत्पत्ती उघडायला सांगा आणि अब्राहामाची वयं मुलांनाच शोधू द्या. हारान सोडलं तेव्हा ७५, इश्माएल झाला तेव्हा ८६, सुंता झाली तेव्हा ९९, इसहाक झाला तेव्हा १००. आता विचारा, ‘त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आलं’ (म्हणजे देवाने त्याला नीतिमान ठरवलं) हे १५व्या अध्यायातलं वाक्य रेघेवर कुठे बसतं? ७५ आणि ८६ च्या मधे. म्हणजे सुंतेच्या आधी निदान १३ वर्षं. मग रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय काढा. पौल नेमका हाच प्रश्न विचारतो: हे कधी गणलं गेलं, सुंता झाल्यावर की होण्याआधी? गलतीकरांस पत्रात तो आणखी पुढे जातो, नियमशास्त्र तर ४३० वर्षांनी आलं म्हणतो. रेघ फळ्याच्या कडेपर्यंत न्या आणि तिथे दहा आज्ञा लिहा. एवढं झालं की निम्मा धडा झाला.

एखादं हुशार पोर म्हणेलच, ‘पण बाई, त्याने घरदार सोडलं ते आधीच ना? ते कर्म नाही का?’ प्रश्न चांगला आहे, झटकू नका. १२वा अध्याय शेवटपर्यंत वाचायला लावा. घरदार सोडणारा हाच माणूस जिवाच्या भीतीने मिसरात बायकोला बहीण म्हणून सांगतो. कर्मांची बेरीज करायची तर हेही धरावं लागेल. आणि १५व्या अध्यायात त्याच्या नावावर एकही पराक्रम नाही. देव त्याला बाहेर नेऊन तारे दाखवतो, वचन देतो. तो विश्वास ठेवतो, बस.

पुढच्या रविवारी अंत्युखियाची पंगत घ्या, गलतीकरांस पत्र, अध्याय दुसरा. प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे सुंता न झालेल्या बिगरयहूदी ख्रिस्ती लोकांबरोबर, जेवत होता. याकोबाकडची काही यहूदी माणसं आली आणि तो भिऊन वेगळा बसायला लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. हा प्रसंग आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांची मुळं गावकुसाबाहेरच्या वस्तीत आहेत. घरी जाऊन आजीला विचारून या, पंगतीत कोण कुठे बसायचं, एवढं सांगा. पौलाचा मुद्दा मग त्यांनाच दिसतो: ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा असेल, तर ताटाला ताट लावून बसायला आणखी कुठली अट घालता येत नाही. इथे मात्र थांबू नका, नाहीतर मुलांना वाटेल की भांडण फक्त सुंतेचं आणि जेवणाचं होतं. रोमकरांसच्या तिसऱ्या अध्यायात पौल सगळ्यांनाच पापी म्हणून एका ओळीत उभं करतो.

त्याच दिवशी मत्तयच्या २०व्या अध्यायातले द्राक्षमळ्याचे मजूर वाचा. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार, शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दिनार. दहावीच्या मार्कांच्या चक्कीत सापडलेली मुलं चिडतात. चिडू द्या. ‘यामागे खोल अर्थ आहे’ वगैरे म्हणून समजूत घालू नका. पौल मजुरी आणि कृपा हे दोन वेगळे हिशेब आहेत असं सांगतो, ते या रागातूनच कळतं.

‘मग चोरी केली तरी चालेल?’ हा प्रश्न आला की समजा धडा पोचला. नाही आला, तर तुम्ही कुठेतरी कृपेत पाणी घातलंय. पौललाही लोक हेच विचारत असणार, म्हणून रोमकरांसचा सहावा अध्याय तसा सुरू होतो. उत्तर तिथेच वाचा: पापाला मेलेली माणसं पापात कशी राहतील?

याकोबाचं पत्र तिसऱ्या रविवारी, आणि फळ्यावरची तीच रेघ परत काढून. ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असं याकोब स्पष्ट लिहितो. ते वचन लपवू नका, मुलं मोबाइलवर शोधतात. तो अब्राहामाचाच दाखला देतो, पण बोट ठेवतो उत्पत्तीच्या २२व्या अध्यायावर, अब्राहामाने इसहाकाला बळी द्यायला बांधलेल्या वेदीवर. आणि मग म्हणतो, १५व्या अध्यायातलं वचन तिथे पूर्ण झालं. दोघांनी एकच वचन घेतलंय. पौल रेघेवर जिथे हिशेब झाला तिथे उभा आहे, याकोब पुष्कळ पुढे, जिथे तो विश्वास दिसला तिथे. याकोब ज्या विश्वासावर रागावलाय तो उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ म्हणून वाटेला लावणारा आहे. भुतंही तेवढं मानतात, असं तो म्हणतो. आता ते पाठ असलेलं इफिसकरांसचं वचन म्हणून घ्या, पण दहाव्या वचनापर्यंत. आठ-नऊवर थांबायची आपल्याकडची सवय वाईट आहे, सत्कृत्यं दहाव्यात आहेत.

दाखला हवा असेल तर पंडिता रमाबाईंचा घ्या. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, विधवांसाठीचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत. तरी त्यांनी पुढे लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ‘त्यांनी विधवांसाठी इतकं केलं, म्हणून तारण झालं’ असं म्हणणाऱ्या मुलाला या तारखा ओळीने मांडायला सांगा.

एक पथ्य पाळा. ‘कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात’ असं बोलू नका. एखाद्याची आई वसईची असते. शिवाय ते खरं नाही. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या सभेने १५४७ मध्येच ठरवलंय. मतभेद आहेत, पण १९९९ मध्ये ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी या विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्याही केल्या.

सगळ्यात जपायचं ते शेवटी सांगते. विश्वासालाच कर्म करून टाकू नका. ‘तुमचा विश्वास कमी पडला म्हणून आजोबा गेले’ असं एखाद्या प्रार्थनासभेत ऐकून आलेलं मूल वर्गात गप्प बसतं. त्याच्यासाठी मार्कचा नववा अध्याय ठेवा. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याचा विश्वास किती, हे येशू मोजत नाही. मुलगा बरा होतो. पण तेवढ्यावर सोडू नका, नाहीतर आजोबा का बरे झाले नाहीत हा प्रश्न त्या मुलाकडे तसाच राहील. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तसंच मी त्याला सांगते. आजोबांच्या मरणाचा हिशेब तुझ्या नावावर मांडायचा अधिकार कोणाला नाही, हेही सांगते.

दृढीकरणाआधी लेखी परीक्षा घ्यायचा रिवाज असेल, तर ती दहा आज्ञांवर आणि प्रभूच्या प्रार्थनेवर घ्या. या धड्याला मार्क ठेवू नका.