मीडियात टाकून बघितलंस का?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले सात महिने मी रोज एक जांभळा रंग बघत होते आणि तो मला दिसत नव्हता. त्याची गोष्ट सांगायचीच आहे (मीडिया म्हणजे इथे पेशी ज्यात वाढवतात तो द्रव), पण त्याआधी थोडं इकडचं तिकडचं. मटेरियल सायन्सवरून नॅनोकडे आणि तिथून औषधोपचारांकडे वळू बघणारे ज्युनिअर अधूनमधून विचारतात, "सुरुवात कुठून करू?" दर वेळी अर्धवट उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक तपासणं), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांची साइज मोजणं) ही तंत्रं तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते.

वाचनाबद्दल माझं मत जरा कडवट आहे. या क्षेत्रात रिव्ह्यू पेपरांचा पूर आहे आणि तेच वाचत बसलं की सगळं जमल्यासारखं वाटतं. प्रत्येक रिव्ह्यूत तेच रंगीत चित्र: एक गोल कण, त्यावर केसांसारखे रेणू आणि बाण थेट कॅन्सरच्या गाठीकडे. 2016 साली मागच्या दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून कुणीतरी हिशोब मांडला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला 0.7 टक्के. हा आकडा मला पहिल्या महिन्यात कळला असता तर मी ते चित्र जरा कमी भक्तिभावाने पाहिलं असतं. घाबरू नका, याच क्षेत्रातून खरी औषधं आलेली आहेत. डॉक्सिल या कॅन्सरवरच्या औषधाला अमेरिकेत 1995 मध्येच परवानगी मिळाली आणि कोविडच्या एमआरएनए लशी तर लिपिड नॅनोकणांतूनच आल्या. पण पेपरचा मुख्य भाग वाचून थांबू नका, सप्लिमेंटरी, म्हणजे सोबत जोडलेली जास्तीची माहिती, उघडा. खरी हकीगत तिथे असते. आणि 2018 मध्ये आलेली मिरिबेल ही यादी छापून टेबलावर ठेवा. नॅनो आणि जीवशास्त्र एकत्र येतात तिथे निदान काय काय नोंदवायलाच हवं, ते तिच्यात मांडलेलं आहे. सारांश करून देणाऱ्या साधनांबद्दल एवढंच म्हणेन, की माझी चूक ज्या ओळीत होती ती ओळ कुठल्याही सारांशात आली नसती.

आता साइजबद्दल. "तुझ्या कणांची साइज किती?" या प्रश्नाला एकच आकडा सांगणारा माणूस नवा असतो. एक्सआरडीच्या आलेखावर लावतात त्या शेरर समीकरणातून निघतो तो क्रिस्टलाइटचा, म्हणजे कणातल्या एकेका स्फटिकाचा आकार, आख्ख्या कणाचा नव्हे. टीईएममध्ये दिसतो तो ग्रिडवर वाळलेला, उघडा गाभा. डीएलएस मोजतं तो पाण्यात फिरणारा कण, अंगावरच्या थरासकट. शिवाय डीएलएस मोठ्या कणांना भयंकर झुकतं माप देतं, कारण विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. तीन यंत्रं तीन आकडे देतात तेव्हा त्यातलं एखादं खोटं बोलतंय असं समजू नका, प्रत्येकाला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. हे मला येत होतं. व्हायवात घडाघडा सांगितलं होतं. तरी खड्ड्यात पडले.

काम होतं सोन्याचे नॅनोकण बनवायचं. सिट्रेटची पद्धत, 1951 पासून चालत आलेली. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सिट्रेट पडलं की आधी रंग जातो, मग काळपट निळसर होतो आणि मग अचानक वाइनसारखा लाल. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी फ्लास्क उजेडात धरून पाच मिनिटं नुसती बघत उभी होते. टीईएममध्ये सुबक गोल, डीएलएसमध्ये एकच नीटस शिखर, प्रकाश शोषणाचा पीक 520 नॅनोमीटरच्या आसपास. गाइड खूष, मी खूष. हे सगळं मोजलं होतं डिस्टिल्ड वॉटरमध्ये. आणि पेशींना दिलं होतं कल्चर मीडियात.

हे वाक्य परत वाचा. मोजलं पाण्यात, दिलं मीडियात.

सिट्रेटचे कण एकमेकांपासून लांब राहतात ते पृष्ठभागावरच्या ऋण प्रभारामुळे. पाण्यात हे प्रतिकर्षण लांबपर्यंत पोचतं. मीडियात क्षार असतात, जवळपास रक्तात असतात तेवढे. क्षारांचे आयन त्या प्रभाराभोवती गर्दी करतात आणि प्रतिकर्षणाचा पल्ला एका नॅनोमीटरच्याही आत येतो. मग कण जवळ येतात, चिकटतात आणि त्यांची गाठोडी होतात. मीडियात आधीपासून सीरम (रक्तातून काढलेला प्रथिनयुक्त द्रव) असेल तर त्यातली प्रथिनं कणांवर बसून त्यांना बऱ्यापैकी सांभाळतात. म्हणजे क्रमही महत्त्वाचा. माझ्या प्रोटोकॉलमध्ये पहिले चार तास सीरम नव्हतं, सीरम नंतर घालायचं होतं. जुन्या एका थीसिसमधून उचललेला प्रोटोकॉल. त्यात असं का केलंय हे मी कधी विचारलं नाही. त्या कणांवर वेगळंच कोटिंग होतं, हे सात महिन्यांनी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, सोन्याची गाठोडी झाली की लालाचा जांभळा-निळा होतो, हे तर शाळेच्या प्रदर्शनातही दाखवतात. दिसलं कसं नाही? कारण मीडियात फिनॉल रेड हा पीएच दाखवणारा रंग असतो. मीडिया मुळातच लालसर गुलाबी. त्यात लाल कण टाकले, लाल दिसलं. नंतर जांभळट दिसलं, तर फिनॉल रेडसुद्धा पीएच वाढला की जांभळटच होतो. मीडियाची बाटली इन्क्युबेटरबाहेर, कार्बन डायऑक्साइडपासून लांब, थोडा वेळ राहिली की हे रोजच दिसतं. मी मनात म्हटलं, पीएच चढला असेल. पुढे.

एवढ्यावर भागलं नाही. पेशी जगल्या की मेल्या हे मी एमटीटी या रंगावरच्या चाचणीने बघत होते. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात आणि ते 570 नॅनोमीटरला वाचतात. गाठोडी झालेलं सोनंही त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतं. धुतल्यावरही ती गाठोडी तळाला आणि पेशींना चिकटून राहतात. म्हणजे पेशी मरत होत्या त्या गाठोड्यांमुळे आणि जिवंत दिसत होत्या त्या गाठोड्यांच्याच रंगामुळे. दोन चुका एकमेकींना पोटाशी धरून बसल्या होत्या. ग्राफ इतका गुळगुळीत यायचा की शंका घ्यायला जागाच नाही. नुसते कण आणि पेशी नाहीत, अशी एक रांग प्लेटमध्ये ठेवली असती तर पहिल्याच आठवड्यात पितळ उघडं पडलं असतं. ती रांग मी आणखी दोन कॉन्सन्ट्रेशन बसवायला वापरली. 96 विहिरींच्या, म्हणजे बारीक खळग्यांच्या, प्लेटमध्ये बारा विहिरी वाचवल्या आणि सात महिने घातले.

डोसचाही बोऱ्या वाजला होता. पेशी तळाला चिकटलेल्या असतात. सुटे बारीक कण मीडियात तरंगत राहतात, फार थोडे खाली पोचतात. गाठोडी मात्र बसतात. घनता तीच धरली तर व्यास दहापट झाला की खाली बसण्याचा वेग शंभरपट होतो. मी लेबलवर जी मात्रा लिहीत होते ती ट्यूबमधली होती. पेशींच्या अंगावर काय पडत होतं ते मला माहीतच नव्हतं.

उघडकीला आलं ते योगायोगाने. शेजारच्या लॅबमधल्या एकाने फ्लुओरेसन्ससाठी फिनॉल रेड नसलेला मीडिया आणला होता. माझा संपला होता म्हणून मी त्याचा घेतला. कण टाकले आणि हातातली ट्यूब दोनेक मिनिटांत निळी झाली. स्वच्छ निळी. मी ती तशीच घेऊन कल्चर रूममध्ये गेले. तिथल्या टेक्निशियन ताई ट्यूबकडे बघून म्हणाल्या, "अहो, तुमच्या पहिल्यापासून अशाच होतात. इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या जांभळ्या. मी विचारलं होतं की तुम्हाला." आठवलं. विचारलं होतं. मी म्हटलं होतं, पीएच असेल. इन्क्युबेटरमधून नुकत्याच काढलेल्या मीडियाचा पीएच चढलेला कसा असेल, हा साधा मुद्दा त्यांना कळत होता, मला नाही. त्या तिथे वीस वर्षं होत्या आणि आमच्या ग्रुप मीटिंगला त्यांना कधीच बोलावलेलं नव्हतं.

इथे आणखी एक विषय येतो, टीमचं नेतृत्व. आमच्या प्रकल्पात हॉस्पिटलकडचे डॉक्टर आणि नर्सही होत्या, म्हणून आरोग्यसेवेतल्या नेतृत्वावरचं एक मॉड्यूल आम्हाला सक्तीचं होतं. मी मागच्या बाकावर बसून त्यात डेटा फिट करत असे. नंतर नोट्स काढून वाचल्या तेव्हा कान लाल झाले. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या वॉर्डांमधल्या औषध देण्याच्या चुका पाहिल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच, चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. तिथल्या लोकांना चूक बोलून दाखवायची भीती कमी होती, असा त्यांनी अर्थ लावला. आमच्या मीटिंगमध्ये चुका शून्य होत्या. सगळ्यांच्या स्लाइड्स सुंदर.

टीमस्टेप्स नावाच्या, हॉस्पिटलमधल्या टीमसाठीच्या अमेरिकन प्रशिक्षणात एक नियम आहे: शंका आली आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर ती निदान दोनदा बोलून दाखवायची. ताईंनी एकदा बोलून दाखवली होती. दुसऱ्यांदा बोलायला आम्ही त्यांना जागाच ठेवली नव्हती. त्यात दोष माझा मोठा, हे इथे कबूल करते.

या विषयातलं वाचतानाही डोळे उघडे ठेवा मात्र. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची 19 मुद्द्यांची चेकलिस्ट घ्या. 2009 मध्ये आठ हॉस्पिटलांच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं. सगळे हरखले. मग 2014 मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या 101 हॉस्पिटलांचा अभ्यास आला आणि त्यात लक्षात घेण्याजोगा फरकच दिसला नाही. यादी त्याच धर्तीची. यादी भिंतीवर लावून टिकमार्क करणं वेगळं आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगून सुरुवात करणं वेगळं, असं माझं मत. नाव सांगायचा तो मुद्दा मूळ यादीतच आहे. तोच बहुतेक लोक हसून सोडून देतात.

गाइडबद्दल विचाराल तर, दोन विषयांत काम म्हणजे दोन गाइड आणि दोन गाइड म्हणजे दुप्पट मार्गदर्शन, हा भ्रम सोडा. मटेरियलवाल्या सरांना वाटलं पेशींकडचं मॅडम बघतायत, मॅडमना वाटलं कण सरांनी तपासलेत. दोघंही भले, दोघंही हुशार, आणि मधल्या फटीत मी. त्या फटीची जबाबदारी कुणाची, हे पहिल्या महिन्यात दोघांना एकाच खोलीत बसवून विचारा. अवघड वाटेल. विचारा. आणि "प्रोटोकॉल आहे तसा कर, सगळे तसंच करतात" म्हणणाऱ्या सिनिअरचं ऐका, पण कुठल्या कणांसाठी तसं करतात ते विचारल्याशिवाय पिपेट हातात घेऊ नका. विकतचे कण घेण्यात काही कमीपणा नाही, वेळ वाचतो. फक्त बाटलीवरचा आकडा पाण्यातला आहे हे लक्षात असू द्या.

सात महिने वाया गेले असं मला तेव्हा वाटत होतं. चार दिवस लॅबला गेले नाही. पण त्या महिन्यांत पेशी सांभाळायला शिकले होते, डीएलएसची खोड कळली होती आणि हात बसला होता. सोन्याला घट्ट चिकटणारं थायोल असलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल कणांवर बसवलं. ते क्षारांना जुमानत नाही. पेशींच्या आत कमी कण गेले, ग्राफ आधीसारखा देखणा नाही, पण दुसऱ्याच्या हातून केला तरी तसाच येतो. पुन्हा सगळं उभं करायला अडीच महिने लागले. तुमचंही असं काही फसलं असेल तर आधी झोपा, मग कंट्रोल लावा.

आता प्रत्येक नवी बॅच आली की पेशींजवळ नेण्याआधी चार ट्यूब लावतो: पाणी, फिनॉल रेड नसलेला मीडिया, तोच मीडिया सीरमसकट आणि नुसतं सलाइन. मागे पांढरा कागद धरून लगेच, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी फोटो, सोबत शोषणाचं रीडिंग. खर्च जवळजवळ नाही. मीटिंगमध्ये सॅम्पल ज्याने हाताळलं तो आधी बोलतो, स्लाइडवाला नंतर. ताई सोमवारच्या मीटिंगला असतात. पहिल्या दोन वेळा त्या काहीच बोलल्या नाहीत, तिसऱ्या वेळी माझ्या इन्क्युबेटरचा गॅस मीटर चुकीचा दाखवतोय असं सांगितलं. तो खरंच चुकत होता.

पेपर सध्या रिव्ह्यूत आहे. दुसऱ्या रिव्ह्यूअरने विचारलंय, सीरमशिवाय तुमचे कण किती तास टिकतात? 48 तासांपर्यंतचे फोटो ताईंनी तारखांसकट काढून ठेवलेत. आज संध्याकाळी ते जोडून उत्तर पाठवायचंय.